खोलीची पट्टी

शेजारच्या काकूंनी आमचे दार वाजवले तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते, आणि मी फार मोठ्याने वाजवत नव्हतो हे आजही शपथेवर सांगू शकतो. काकू भांडायला आल्या नव्हत्या. "अहो, तुमचं बाकीचं काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, "पण मध्येच एक 'धूंऽऽ' येतं ना, त्यानं आमच्या शोकेसमधल्या कपबश्या वाजायला लागतात." मला हे खरे वाटेना, म्हणून मुलाला माझ्या खोलीत बेस गिटार, म्हणजे खर्जातली चार तारांची गिटार, घेऊन बसवले आणि मी काकूंच्या दिवाणखान्यात त्या शोकेससमोर जाऊन उभा राहिलो. ई तार वाजली. भिंतीपलीकडे काहीतरी हलल्यासारखे वाटले, बस्स. मग ए तार वाजली आणि काचेमागच्या सहा बश्या, एकमेकींच्या कानात काही सांगावे तशा, बारीक किणकिणू लागल्या. डी वाजली, जी वाजली, बश्या गप्प. पुन्हा ए, पुन्हा किणकिण. काकूंनी माझ्याकडे 'बघितलंत ना' अशा नजरेने पाहिले आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना मी हार्डवेअरच्या दुकानातून मोजायची टेप आणली. यामागचे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल असे आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण १,१३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी मावते, तो स्वर त्या भिंती उचलून धरतात. म्हणजे ५६५ या आकड्याला भिंतींमधल्या फुटांनी भागले की त्या भिंतींचा आपला असा सर्वांत खालचा स्वर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपने या हिशेबात, मिळतो. माझी खोली कागदावर दहा बाय बारा. टेपने मोजल्यावर दहाची बाजू दहा फूट तीन इंच भरली (बिल्डरने आयुष्यात फुकट दिलेले तेवढे तीनच इंच असावेत), आणि ५६५ भागिले सव्वादहा म्हणजे ५५. बेसची मोकळी ए तार मिळवतात ती बरोबर ५५ हर्ट्झला. गायकाची असते तशी माझ्या खोलीलाही स्वतःची पट्टी होती, आणि ती पांढरी सहा, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली सहावी पांढरी, निघाली.

खरी नामुष्की पुढे होती. अशा स्वराचा दाब भिंतींलगत सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. माझा अँप्लिफायर भिंतीला टेकलेला आणि माझी खुर्ची पंख्याखाली, खोलीच्या मध्यावर. मला ए नेहमीच दुबळी वाटायची, म्हणून मी त्या तारेवर बोट जरा अधिक जोराने मारायला शिकलो होतो, आणि तो सगळा जोर इमाने इतबारे काकूंच्या बश्यांना पोचत होता. ज्याला मी इतकी वर्षे माझ्या हाताचे वळण समजत होतो, ते पंख्याच्या जागेमुळे लागलेले वळण होते.

त्याआधीची वीस वर्षे माझी अशी पक्की समजूत होती की बेसचा आवाज वाद्यात असतो, वाद्यात नसेल तर तारांमध्ये, तारांमध्ये नसेल तर अँपमध्ये, आणि कुठेच सापडला नाही तर पुढच्या महिन्याच्या पगारात. माझी पहिली बेस गिटार मी धोबी तलावच्या फुर्टाडोजमधून घेतली. १८६५ सालापासून चालत आलेल्या त्या दुकानात मी तासभर एकच वाक्य वाजवत बसलो होतो, कारण मला एकच येत होते. लिओ फेंडरने १९५१ साली जी पहिली प्रिसिजन बेस बाजारात आणली, तिच्या नावातच तिचे काम सांगितले होते: माणसाएवढ्या उंच डबल बेसवर बोट कुठे ठेवायचे ते कानाने शोधावे लागे, इथे फ्रेट्स, म्हणजे तारांखाली ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या, होत्या, त्यामुळे स्वर नेमका लागे. तारेची चौतीस इंचांची लांबी तिने ठरवली आणि आजही बहुतेक बेस गिटारी तेवढ्याच लांबीच्या असतात. माझी तिच्याच घडणीची, नाव मात्र स्वस्तातले. फ्रेटबोर्ड शिसवाचा होता. आजोळी माजघरात जो काळपट, जड पलंग होता त्याच लाकडाचा, आणि खरे सांगायचे तर खरेदीचे निम्मे कारण तेच होते.

तारांबद्दल माझी मते घरात प्रसिद्ध आहेत. बेसच्या चार तारांचा चांगला संच दोन-तीन हजारांना पडतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात, त्यातही घामट हातांच्या माणसाकडे, तो दोन महिन्यांत मेल्यासारखा होतो. वळ्यांमध्ये मळ भरतो आणि वरचे सगळे स्वर बुजतात. मग तारा उतरवून पातेल्यात दहा मिनिटे उकळायच्या, कोरड्या पंच्याने पुसायच्या आणि पुन्हा चढवायच्या. आठवडाभर त्या नव्यासारख्या वाजतात. यासाठी मी एकदा चहाचे पातेले वापरले, त्यानंतर मला ॲल्युमिनियमचे एक स्वतंत्र पातेले मिळाले आणि त्यावर नेलपॉलिशने 'तारा' असे लिहिलेले आहे. येणारे पाहुणे ते घरातल्या कोणा बाईचे नाव समजतात. पुढे मी चपट्या गुंडाळणीच्या तारा लावल्या. त्या मुळातच कमी चमकतात, त्यामुळे जुन्या झाल्या तरी शोक होत नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांमध्ये उजव्या हाताच्या एकाच बोटाने बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन तारा तुटल्याशिवाय बदलत नसे, असे त्याच्याबद्दल सांगतात, आणि खर्चिक माणसाला थोरामोठ्यांचा दाखला लागतो तसा कंजूष माणसालाही लागतोच.

अँपची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतांशी पाठदुखीची आहे. १९६९ साली अँपेग कंपनीने बेससाठी तीनशे वॉटचा व्हॉल्व्हचा अँप काढला, त्याच्यासोबत दहा इंची आठ स्पीकरांची कपाटाएवढी पेटी असे, आणि पुढच्या पिढ्यांच्या मनात बेसवाला म्हणजे त्या कपाटापुढे उभा असलेला माणूस हे चित्र पक्के झाले. माझ्याकडे त्याची नक्कल असलेले लहान कपाट होते, तेही रिक्षात बसेना. आता पाचशे वॉटचा अँप दोन-तीन किलोंत मिळतो आणि डब्याच्या पिशवीत मावतो. वॉट वाढवल्याने आवाज फार वाढत नाही, हेही अनुभवाने कळले; वॉट दुप्पट केले तर तीनच डेसिबल वाढतात, आणि ते समोरच्यांना कळेलच असे नाही. खरा खर्च हवा हलवण्याचा आहे. तोच जोर राखून स्वर एक सप्तक खाली उतरवायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावे लागते, आणि म्हणूनच छोटा स्पीकर कितीही महाग असला तरी खर्जात उतरला की गुदमरतो.

आमचा वाद्यवृंद जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा. महिन्याला चार-पाच कार्यक्रम, बहुतेक नाट्यगृहांत, काही सोसायट्यांच्या गणपतीत, काही लग्नाच्या रिसेप्शनला, जिथे आमच्यापेक्षा पावभाजीच्या स्टॉलसमोर जास्त गर्दी असते. बेसवाल्याला अशा वाद्यवृंदात आपली जागा रोज नव्याने मिळवावी लागते. कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळा असतो आणि आयोजकाला एका माणसाचे पाकीट वाचत असते, त्यामुळे 'बेस कीबोर्डवरच होईल ना?' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की तो आता मला दुखावत नाही. होतो, कीबोर्डवरही होतो. मात्र तिथे स्वर दाबला की तो आहे, सोडला की नाही. तारेवरच्या बोटाला स्वराकडे थोडे उशिरा, किंचित घसरत, ढोलकीवाल्याची मान कुठे हलते ते बघून जाता येते.

ढोलकी आणि तबला हा बेसवाल्याचा दुसरा प्रश्न, आणि तो पाश्चात्त्य पुस्तकांत सापडत नाही. तिथे बेसने ड्रमच्या पायाशी जुळवून घ्यायचे असते. आमच्याकडे डग्गा असतो. डग्ग्याचा घुमार एका जागी थांबत नाही, मनगट दाबले की तो मींड घेत वर चढतो, आणि तो नेमका माझ्याच मुलखातून चढतो. सुरुवातीची काही वर्षे मी त्याच्याशी झगडत होतो आणि साउंडवाला आम्हा दोघांचेही आवाज कमी करून प्रश्न मिटवत होता. मग आमच्या तबलजींनी, जे वयाने मला वडिलांसारखे होते, एकदा चहाच्या टपरीवर मला सांगितले, "तू समेवर ये आणि मग जरा बस की. मी बोलतोय तेव्हा कशाला बोलतोस?" त्या दिवसापासून मी ठेक्याच्या गाण्यात निम्मेच स्वर वाजवतो आणि लोक मला दुप्पट ऐकू येतो म्हणतात.

नाट्यगृहाला भिंती असतात, म्हणजे पट्टीही असते, पण तिथे वेगळाच घोटाळा होतो. रंगमंचापासून मागची भिंत ऐंशी फुटांवर असली तर माझा स्वर तिथे जाऊन परत यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. पंख्याच्या घरघरीत आणि लोकांच्या कुजबुजीत वरचे स्वर वाटेत विरतात, खर्ज मात्र शिल्लक राहतो आणि जरा उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा आपल्या मागून आपल्याच तालात घुसतो. त्याच्याकडे लक्ष गेले की लय ओढली जाते. म्हणून मी कोणत्याही रंगमंचावर ऑक्टोपॅडवाल्याच्या हातांपासून चार फुटांच्या आत उभा राहतो आणि सभागृहाकडून जे येते त्याला कान देत नाही. नवख्या मुलांना मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, बेस हवा असतो. मला तिथे गायिकेचा आवाज आणि ठेका पुरतो, माझे मला पायाखालच्या फळ्यांतून कळते.

आमच्या मुख्य गायिकेची पट्टी काळी चार. बेसच्या ई तारेवर चौथ्या फ्रेटला तिचा खर्जातला सा मिळतो, ५१.९ हर्ट्झ. भारतातली वीज ५० हर्ट्झची. ज्या नाट्यगृहात अर्थिंग धड नसते तिथे केबल लावल्याबरोबर स्पीकरमधून जी 'हूंऽऽ' येते ती या ५० ची आणि तिच्या दुपटीची असते, म्हणजे पांढऱ्या पाचपेक्षा जराशी चढी आणि काळ्या चारपेक्षा बरीच उतरलेली. गायिकेने आलाप सुरू केला, मी खाली सा धरला, की माझा सा आणि महावितरणची वीज यांच्यात सेकंदाला सुमारे दोन हेलकावे ऐकू येतात. तंबोरा चुकीचा लागला की जसे अस्वस्थ वाटते अगदी तसे. गणपतीत जनरेटरवर वाजवताना आणखी गंमत होते. मांडवातले सगळे दिवे एकदम लागले, जनरेटरवर भार आला, की त्याचा वेग किंचित पडतो, ५० चे ४९ होतात, आणि ती गुणगुण चक्क पांढऱ्या पाचच्या सुरात येते. अशा वेळी पांढरी पाचचे गाणे चालू असेल तर मला तो शुभशकुन वाटतो.

हसण्यावारी नेऊ नये असा प्रसंगही एकदा घडला. उपनगरातल्या एका सभागृहात कोणीतरी गुणगुण बंद करण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकलेली होती. तारांवर माझा हात होता आणि कोरससाठी मी माईकशी तोंड नेले, तेव्हा ओठांना मुंगी नव्हे, इंगळी डसल्यासारखे झाले. त्यानंतर माझ्या बॅगेत स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि साउंडवाल्याची केबल यांच्यामध्ये जोडायची डबी, असतो. त्यावर एक छोटे बटण असते, ते फक्त आवाजाच्या केबलमधला अर्थ तोडते, विजेच्या प्लगमधला नाही. गुणगुण जाते आणि माणूस राहतो. बेसवाल्याने पहिला हजार रुपयांचा खर्च कशावर करावा असे कोणी विचारले तर मी पेडल किंवा पट्टा न सांगता हीच चौकोनी, कुरूप डबी सांगतो.

मांडवात भिंती नसतात, आणि म्हणून तिथे बेस गळपटतो. घरात जी ए बश्या वाजवते ती मोकळ्या मैदानात पहिल्या चार रांगांपुढे जात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच मिरवणुकीत स्पीकरांच्या भिंती उभ्या राहू लागल्या असाव्यात, असा माझा एक खासगी सिद्धांत आहे: खोली मिळेना, तर लोकांनी भिंतच ट्रकवर चढवली. त्यांच्याबद्दल मला राग आहे आणि तो व्यवसायबंधूचा राग आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी आहे, वर्षातून पंधरापर्यंत दिवस राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पण ही मर्यादा ज्या मोजपट्टीत लिहिलेली आहे, ती माणसाच्या कानासारखी, खालच्या स्वरांना कमी लेखणारी आहे. ५० हर्ट्झचा आवाज तिच्यात तब्बल तीस डेसिबलने कमी भरतो. खिडक्यांच्या काचा थरथरत असतात, आजोबा छातीवर हात ठेवून बसलेले असतात, आणि मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा प्रत्यक्षाहून पुष्कळ सभ्य दिसत असतो. ज्या स्वरावर माझे पोट चालते तोच असा वापरलेला पाहिला की बेसवाला म्हणून ओळख सांगायची लाज वाटते.

घरी गाणी ऐकण्याचे माझे वेड याच स्वरापासून सुरू झाले, कारण लहानपणी तो मला कधी ऐकूच आला नव्हता. वडिलांचा रेडिओ मीडियम वेव्हचा, स्पीकर बशीएवढा. विविध भारतीवर लागणारी गाणी मला तोंडपाठ होती आणि त्यांत बेस आहे याची मला सुतराम कल्पना नव्हती. खरे तर कान तेव्हाही फसत नव्हता. मूळ खालचा स्वर स्पीकरला झेपला नाही तरी त्याचे वरचे अंश ऐकून मेंदू तो स्वर आपल्या पदरचा भरून घेतो. पण भरून घेतलेले आणि अंगाला लागलेले यात फरक असतो. कॉलेजात मित्राच्या मोठ्या हेडफोनवर मी राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांचा बेस पहिल्यांदा नीट ऐकला, तेव्हा ओळखीच्या घराला तळघर असल्याचे कळावे तसे झाले. पुढे ए. आर. रहमान यांच्या गाण्यांत कीथ पीटर्स यांची बोटे शोधायची सवय लागली. ही माणसे पडद्यावर कधी दिसली नाहीत. गाणे सुरू झाले की मी मात्र आधी त्यांच्याकडे जातो.

त्या ओढीने मी घरात एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, आणला. तो कोपऱ्यात ठेवला, आणि कोपरा म्हणजे तीन पृष्ठभाग एकत्र येण्याची जागा, तिथे खर्ज सर्वांत फुगतो. सगळ्या गाण्यांत एकच स्वर, तोच पांढरा सहा, पोळ्यातल्या बैलासारखा सजून पुढे येऊ लागला. मग कोणीतरी सांगितलेला उपाय केला: सबवूफर उचलून आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, बेसचे गाणे लावायचे आणि स्वतः जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरायचे, जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफरची जागा. मी गुडघ्यांवर, कान जमिनीला लावून, पुस्तकांच्या मांडणीपासून बाल्कनीच्या दारापर्यंत पोचलो तोवर आई दारात येऊन उभी होती. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "काय हरवलं?" जागा सापडली ती बाल्कनीच्या दाराच्या बरोबर मध्ये, जिथून सगळ्यांची ये-जा. सबवूफर महिनाभरात विकला.

आता दोन साधे स्पीकर आहेत, पाच इंची वूफरचे, भिंतीपासून दोन फूट पुढे ओढलेले. माझी खुर्ची पंख्याखालून हलवून भिंतीपासून साडेतीन फुटांवर आणली, आणि सरावाचा अँप रबराच्या जाड चटईवर ठेवून त्याची भिंतीशी सोयरीक मोडली. यावर मिळून चटईचे सहाशे रुपये खर्च झाले. काकूंच्या बश्या शांत आहेत. रात्री सगळे झोपल्यावर अगदी हळू लावतो तेव्हा बेस सर्वांत आधी नाहीसा होतो, त्यात स्पीकरचा दोष नाही; कमी आवाजात आपला कानच खालच्या स्वरांना बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. जुन्या अँप्लिफायरवर त्यासाठी 'लाउडनेस' नावाचे बटण असे. माझ्या चाळीस वर्षांच्या अँपवर ते आहे आणि घरात सर्वांत जास्त झिजलेले बटण तेच.

गेल्या महिन्यात आम्ही नवीन घर बघायला गेलो होतो. बायको स्वयंपाकघराचा ओटा बघत होती, दलाल पार्किंगबद्दल बोलत होता, आणि मी एका खोलीत टेप धरून उभा होतो. खोली उजेडाची, वाऱ्याची, खिडकीतून टेकडी दिसणारी. एक बाजू बारा फूट. दुसरी बरोबर अकरा. ५६५ भागिले अकरा, म्हणजे ५१ आणि थोडे, म्हणजे जवळजवळ काळी चार, आणि खालून विजेच्या गुणगुणीला खेटून. मी कोपऱ्यात तोंड करून खालच्या आवाजात 'आ' केला आणि खोलीने तो हातचे राखून न ठेवता मला परत केला. टेप गुंडाळत मी बाहेर आलो आणि म्हणालो, "ही खोली मला चालणार नाही."

दलालाने आवाज खाली आणून विचारले, "का साहेब, वास्तूचं काही आहे का?"

"तसंच समजा," मी म्हणालो.